गावपळणीतला एक्सल

सोमवारी कुडाळहून परत येताना वहाळाच्या चढणीवर गाडीचा पुढचा एक्सल तुटला. महादू परबाने शिवी हासडली ती गाडीला नाही, वेळेला. गुरुवारी दुपारी ढोल वाजला की सातेवणे गाव रिकामं व्हायचं होतं, आणि गाडीला नेमकं याच आठवड्यात मरण सुचलं होतं.

तशी गाडीची चूक नव्हती. वीस वर्षांची डिझेल गाडी, तीन मालक करून आलेली. दोन महिने वळण आलं की डाव्या चाकातून कट-कट आवाज येत होता. एक्सलच्या सांध्यावरचं रबर फाटून आत तांबडी माती गेली होती. एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं हेल्परकी केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण सोमवारी आणि शुक्रवारी बायकोला, मथुराला, डायलिसिसच्या मशीनवर न्यायचं, मधल्या दिवसांत भाताची झोडणी, काजूची साफसफाई, देवळाची कामं. गाडी उभी करायला दिवस सापडला नाही. आवाज करते म्हणजे अजून चालते, असं तो म्हणत राहिला.

चढणीवर धाडकन आवाज झाला. इंजिन नुसतं गरगरत राहिलं आणि गाडी मागे सरकू लागली. महादूने हँडब्रेक ओढला. मागच्या सीटवर मथुरा आडवी झाली होती. मशीनवरून उठली की त्या दिवशी तिच्यात बसायचंही त्राण नसे. तिचं डोकं सारिकाच्या, म्हणजे सुनेच्या, मांडीवर होतं.

"काय झाला?" मथुराने डोळे न उघडता विचारलं.

"काय नाय. निजान रव."

शेवटी भाईंचा ट्रॅक्टर आला आणि दोर लावून गाडी घरासमोरच्या खळ्यात आणून टाकली. भाई म्हणजे गावचे पहिले मानकरी. दोर सोडताना ते म्हणाले, "महादू, बिस्तरवारी हो खटारो हंय ऱ्हवलो तर तीन दिस हंयच ऱ्हवतलो. माहीत आसा मा?"

माहीत नसायला काय झालं! दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात देवाला कौल लावायचा, आणि देवाने हुकूम दिला की अख्ख्या गावाने तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हीच गावपळण. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची. मग वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि त्या तोरणाच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, मग घरात काहीही राहिलेलं असो. ते तोरण बांधायचा मान परबांचा होता. म्हणजे महादूचा. गावातून सर्वांत शेवटी तोच बाहेर पडायचा.

मथुराची पुढची पाळी शुक्रवारी सकाळी आठची होती. गावपळणीचा दुसरा दिवस.

मंगळवारी सकाळी महादू एस.टी.ने कट्टा या बाजाराच्या गावी गेला. गुरुदासच्या गॅरेजात निम्मी पोरं सातेवण्याची; ती झोपड्या बांधायला सुटी घेऊन पळालेली.

"रविवारपर्यंत माका जमाचा नाय, महादूकाका," गुरुदास म्हणाला. "एक्सल देतंय. भंगारातलो आसा, पण सांधे बरे आसत. घालतलो कोण?"

"मी घालतलंय."

"ऐका तर. चाकाच्या मधलो मोठो नट आसा, तो गाडी खाली उतरवन, चाक जमनीर टेकल्यावर आवळूचो. मोठो पानो, त्येका लांब पायप, आणि दोघांनी जोर लावूचो. हातान आवळून सोडल्यात तर बेअरिंग ऱ्हवाचा नाय."

"माका शिकवतंस?" महादू म्हणाला. "तुझो बापूस चड्डीत हुतो तेव्हापासून मी चाकां काढतंय."

गुरुदास हसला आणि गोणपाटात गुंडाळलेला एक्सल त्याच्या खांद्यावर ठेवला. वर गिअरच्या तेलाचा डबा आणि तो बत्तीसचा मोठा पाना दिला, परत आणून द्यायच्या बोलीवर. एस.टी.त कंडक्टरने एक्सलकडे बघून नाक मुरडलं, तेव्हा महादूने आपण कोणत्या डेपोत किती वर्षं काढली ते त्याला ऐकवलं. कंडक्टर पोरगा होता. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे गेला.

बुधवारी सकाळी धुकं वितळायच्या आत महादू कामाला लागला. मुलगा मंगेश बोटीवर, आखातात, मदतीला सारिकाच. ती पदवीधर बाई, लग्नाआधी सावंतवाडीत शिकवण्या घेत असे. आता तिने साडी खोचली आणि चाकामागे दगड लावले.

पहिल्या नटानेच घाम काढला. चाकाच्या मधोमध बसलेला तो मोठा नट समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून एकजीव झाला होता. पिन तुकड्यातुकड्याने निघाली. मग पाना, पान्याला चार फुटी पाइप, आणि पाइपवर महादूचं सगळं वजन. नट हलेना. महादूच्या हाताच्या शिरा फुगल्या, कपाळावरचा घाम डोळ्यात गेला.

"मी उभी ऱ्हवतंय पायपार," सारिका म्हणाली.

"पडशीत."

"पडान नाय."

ती गाडीच्या टपाला धरून दोन्ही पायांनी पाइपवर चढली. महादूने खालून खांदा लावला. एकदा पाइप निसटला, तिची नडगी सोलली आणि रक्त आलं. तिने थुंकी लावली आणि परत चढली. पाचव्या वेळी मोठ्याने तडकल्यासारखा आवाज झाला आणि नट सुटला. सारिका घामाघूम होऊन खळ्यातच बसली आणि हसायला लागली. महादूलाही हसू आलं. त्या आठवड्यात घरात कुणी हसल्याची ती एकच वेळ.

मथुरा पडवीत खांबाला टेकून हे बघत होती. तिचे पाय आंबवलेल्या पिठासारखे फुगले होते; बोट दाबलं तर खड्डा तसाच राही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसाला तिला एक तांब्या पाणी. सारिका सकाळी तो भरून ठेवी आणि संध्याकाळपर्यंत तोच पुरवायचा. दोन वर्षं हे चाललं होतं. मथुरा घोट तोंडात धरून बसे आणि फार उशिरा गिळे.

"ऐकलास?" ती नवऱ्याला म्हणाली. "माका हंयच ठेवा. तुमी सगळे जावा. माका चलूक जमना नाय, माझो देवाक कसलो तरास?"

"गावपळण म्हणजे गावपळण," गाडीखालून महादू म्हणाला. "तुका गाडीतून नेतलंय आणि गाडीतूनच कुडाळाक नेतलंय. गप बस."

चाक काढून, खालचा सांधा हातोड्याने ठोकून मोकळा करून, पहारीने तुटका एक्सल गिअरबॉक्समधून उपसला, तेव्हा काळं तेल भळाभळा घमेल्यात आलं. त्याच वेळी वळणावर रिक्षा थांबली. महादू गाडीखाली उताणा होता. त्याला नुसत्या चपला दिसल्या, पण त्या कुणाच्या ते कळायला तोंड बघावं लागलं नाही.

"दादानू," बाळा गावडे म्हणाला. "वयनीक शुक्रवारी मी नेव काय? माझी रिक्षा भायरच आसतली."

हातोडा उचलून महादू उगाच सांध्यावर ठोकत राहिला. चपला थोडा वेळ तिथंच होत्या. मग वळल्या आणि रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय वायट बोलले बाळाकाका?" सारिका म्हणाली.

"पकड दी."

मागच्या गावपळणीत बाळाचं वासरू गोठ्यात राहिलं होतं. दाव्याला बांधलेलं, चार दिवसांचं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तोरणाखालून गुपचूप आत गेला आणि वासरू खांद्यावर टाकून आला. वेशीवर महादू उभा होता. त्याने आरडाओरडा करून वेशीबाहेर झोपड्यांचा सगळा माळ जागा केला. गाव परत आल्यावर देवळासमोर बाळाला नाक घासायला लावलं, आणि महादूने ते नीट घासून घेतलं. एकदा कमी पडलं म्हणून पुन्हा. त्यानंतर वर्षभर म्हाताऱ्या बायका बाळाच्या रिक्षात बसत नव्हत्या. देवाचा नियम सगळ्यांना सारखा, असं महादू त्या वेळी चारचौघांत म्हणाला होता, आणि त्याला ते मनापासून वाटलं होतं. त्या बाळाकडे आता तोंड कसं उघडणार?

जेवण झाल्यावर काम पुरं करायचं म्हणत होता, तर देवळातून बोलावणं आलं. उद्याची व्यवस्था ठरवायला मानकऱ्यांची बैठक होती. हात रॉकेलने धुऊन महादू गेला आणि दिवेलागणीला परत आला. बैठकीत कुणाची झोपडी कुठे यावरून दोन भावकींचं वाजलं होतं आणि ते मिटवण्यात अख्खी दुपार गेली होती.

गुरुवारी उजाडल्यापासून खळ्यासमोरून गाव चालत जात होतं. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्यांच्या डालग्या, दाव्याला बकऱ्या. येणारा-जाणारा थांबून बघे आणि एक सल्ला टाकून जाई. महादू नव्या एक्सलचं टोक गिअरबॉक्सच्या तोंडाशी धरून ढकलत होता आणि ते आत बसत नव्हतं. दहा वेळा काढलं, दहा वेळा लावलं. साठी उलटलेला माणूस, पाठीखाली नुसता गोणपाट.

"वायच फिरवून बघा," सारिका म्हणाली. तिने बाहेरचं टोक धरून हळूच फिरवलं, महादूने आतून दणका दिला आणि कट्ट करून एक्सल बसला.

मग सांधा जोडणं, बोल्ट, तेल भरणं. तेल भरताना नळी सुटून निम्मं मातीत गेलं, म्हणून घमेल्यातलं जुनं फडक्याने गाळून परत ओतलं. साडेअकरा वाजले. भाई दारात आले.

"महादू, वाडी खाली झाली. तोरण कोण बांधतलो, मी?"

"इलंय, भाईनू. धा मिन्टा."

चाक चढवलं. मोठा नट हाताने जाईल तेवढा फिरवला, नवी पिन घातली. सारिकाने पाना आणि पाइप पडवीच्या खांबापासून उचलला.

"आता जमनीर उतरवन आवळूया मा?"

तेवढ्यात देवळाकडून ढोल वाजला. पहिला. तिसऱ्या ढोलाला मानकऱ्याने वेशीवर असलं पाहिजे.

"ठेव तो. भायर गेल्यार आवळूया," महादू म्हणाला. "आवशीक गाडीत घे पयली."

गाडी जॅकवरून उतरवून दोघांनी मथुराला हातांची खुर्ची करून उचललं. ती वजनाला फुलासारखी असेल असं कुणालाही वाटलं असतं, पण अंगात साचलेल्या पाण्याने ती जड झाली होती. चूल विझवली, दार ओढलं, अंथरूण, औषधं, भांडी, हत्यारांची गोणी गाडीत कोंबली. दुसरा ढोल झाला. गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि पहिल्या गिअरमध्ये मऊ चालली. कट-कट नाही की काही नाही. महादूची छाती भरून आली. वेशीवर त्याने तोरण बांधलं तेव्हा तिसरा ढोल वाजत होता, आणि भाईंनी त्याच्या तेलकट हातांकडे बघूनही काही म्हटलं नाही.

माळावर माडाच्या चुडतांच्या झोपड्यांची रांग लागली होती. पोरं ओरडत होती, बायका तीन दगडांच्या चुली मांडत होत्या. जेवल्यावर महादूने नट आवळायला गोणी उपडी केली. हातोडा होता, पहार होती, जॅक होता. मोठा पाना नव्हता.

सारिकाचा चेहरा उतरला. "पडवीत ऱ्हवलो, बाबा. तुमी ठेव म्हणालास, तो मी खांबाक टेकवन ठेवलंय. मगे आईंका उचलूच्या नादात..."

महादूने मान वर केली. वहाळापलीकडे त्याच्या घराची कौलं दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. मध्ये त्यानेच बांधलेलं तोरण.

त्याने झोपडी झोपडी फिरून विचारलं. बत्तीसचा पाना कुणाकडे असायचा? पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडे पाइपाचा पाना मिळाला, पण नट चाकात खोल बसलेला. पान्याचे जबडे तिथवर पोचेनात. गुरुदासला फोन लावला, तर तो गोव्यात लग्नाला गेलेला, उद्या अकरापर्यंत येतो म्हणाला. सारिकाने कुडाळला फोन करून पाळी उशिराची मिळते का विचारलं. शुक्रवार भरलेला होता. चुकली तर सोमवार.

झोपडीत मथुरा तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला धाप लागत होती.

"बाळाकाकांका सांगूया," सारिका म्हणाली.

"नको."

"मगे मी जातंय आत. पानो घेतंय आणि येतंय. पाच मिन्टांचा काम."

"तोरण बांधणाऱ्याची सून तोरण मोडतली?" महादूचा आवाज चढला आणि शेजारच्या झोपडीतली बाई वळून बघू लागली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "पिन घातलेली आसा. नट सुटूचो नाय. मी सावकाश नेतंय. हंयसून कुडाळ काय मोठा लांब नाय."

"गुरुदास काय म्हणालो हुतो?"

"गुरुदासाक माझ्यापेक्षा जास्त कळता?"

सारिका गप्प बसली. ती रागावली की गप्प बसायची, आणि महादू त्याला समजूतदारपणा समजायचा.

शुक्रवारी दिवस फुटताच ते निघाले. गाडी चांगली चालली. महादू तीसच्या वर गेला नाही, खड्डा दिसला की जवळजवळ थांबवत होता. कट्टा मागे पडलं. मग जंगलातला चढ-उतारांचा रस्ता लागला आणि डाव्या चाकातून बारीक हुंकार ऐकू येऊ लागला. महादूने काच वर केली, जशी काही काच लावली की आवाजही बंद होईल.

"बाबा, आवाज येता."

"नवो एक्सल आसा. बसतलो."

हुंकाराची घरघर झाली. स्टिअरिंग हातात थरथरू लागलं. जळल्या लोखंडाचा वास आला. एका वळणावर डावीकडून करकर आवाज झाला आणि गाडी त्या बाजूला कलंडल्यासारखी होऊन उभी राहिली. महादू खाली उतरला. चाक तिरकं झालं होतं, मधल्या टोपीतून धूर निघत होता. पिन जागेवर होती. नटही सुटला नव्हता. आतलं बेअरिंग मात्र दळून गेलं होतं. सकाळचे सात वाजले होते, आणि त्या रस्त्याला आठशिवाय एस.टी. नव्हती.

त्याला रडू आलं. रस्त्याच्या मध्ये उभं राहून त्याने गाडीला लाथ मारली, आणि मग ज्या पायाने मारली तो पाय धरून उभा राहिला.

"पाणी," मथुरा आतून म्हणाली. तिच्या श्वासात आता बुडबुड्यांचा आवाज होता.

सारिका चढणीवर पळाली, रेंज मिळेपर्यंत. ॲम्ब्युलन्सला यायला तास लागणार होता. दुसरा फोन तिने सासऱ्याला न विचारता केला, आणि कुणाला केला ते सांगितलंही नाही.

पंचवीस मिनिटांनी रिक्षा आली. बाळाने चाकाकडे एकदा बघितलं आणि दार उघडून मथुराच्या पाठीखाली हात घातला. "वयनी, माझ्या गळ्याक धरा. धरा घट्ट." त्याने तिला एकट्याने उचलून रिक्षात बसवलं. सारिका तिला कवटाळून बसली. मागे तिसऱ्याला जागा नव्हती.

महादू गाडीपाशीच उभा राहिला.

"बसा, दादानू," बाळा म्हणाला आणि आपल्या सीटवर सरकून त्याने अर्धी जागा केली.

"गाडी..."

"गाडी खंय जातली? बसा."

महादू बसला. खांद्याला खांदा लागत होता. बाळा रिक्षा जिवाच्या आकांताने हाणत होता. शिव्या दिल्या असत्या तर महादूला सोपं गेलं असतं. मागे मथुराचा श्वास ऐकू येत होता. हायवेला लागेपर्यंत येत होता. मग रिक्षाच्या आवाजात तो ऐकू येईनासा झाला असं महादूला वाटलं. मग सारिकाने "आई" म्हणून हाक मारली, आणि पुन्हा मारली.

कुडाळला डॉक्टरांनी तपासायला फार वेळ घेतला नाही. नर्सने कागद पुढे करून विचारलं, "इतका उशीर का झाला आजोबा?"

"गाडी बंद पडली," महादूने ऑफिसातल्यासारख्या शुद्ध मराठीत सांगितलं, आणि अंगठ्याला अजून काळं तेल असताना सही केली.

दुपारी ॲम्ब्युलन्स मथुराला घेऊन आली, मागोमाग महादूला घेऊन बाळाची रिक्षा. वेशीवर तोरणासमोर ॲम्ब्युलन्स थांबली. ड्रायव्हर परगावचा होता. समोर रिकामा रस्ता, बंद घरं, एक माणूस नाही. उजवीकडे माळावर अख्खं गाव उभं. त्याने काच खाली करून विचारलं, "कुठे न्यायचं यांना?"

सगळे महादूकडे बघत होते. अशा वेळी काय करायचं ते सांगायचा मान त्याचाच होता.

"घराक," आतून सारिका म्हणाली.

महादूला घर दिसत होतं. पडवी, जिथे ती काल सकाळपर्यंत बसली होती. नेलं तर कोण अडवणार होतं? बायको मेलेल्या माणसाला कोण बोलणार होतं? पण बाळा चार पावलांवर उभा होता, आणि वासरासाठी त्याचं नाक मातीत घासून घेणाऱ्याने आता कोणत्या तोंडाने आत जायचं?

"हंयच उतरवा," तो म्हणाला.

माळाच्या कडेला काजूखाली चटई घातली. स्मशान वेशीच्या आत, म्हणून चिता वहाळाच्या अलीकडे वाळूत रचायची असं भाईंनी ठरवलं. पुरुष लाकडांना गेले. बायका आंघोळ घालायला जमल्या. कुणीतरी वहाळाचं पाणी आणायला हंडा उचलला, तेव्हा सारिका उभी राहिली.

"वहाळाचा नको," ती म्हणाली. "दोन वर्सा मी तिका तांब्यान मोजून पाणी दिलंय. ती हात जोडी आणि मी नाय म्हणा. आता तरी तिच्या बावडीचा पाणी तिका पोटभर घालूया. बाबा, येवढा तरी करा."

महादूचे ओठ हलले. त्याला हो म्हणायचं होतं. सबंध माळ ऐकत होता, आणि त्याच्या तोंडून सवयीने निघालं, "वहाळाचाच घेवा."

सारिका खाली बसली आणि मथुराचे केस विंचरायला लागली.

तेव्हा बाळाने महादूच्या झोपडीसमोरची कळशी उचलली. चपला रिक्षापाशी काढल्या आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तोरणाखालून वाकून आत गेला. कुणी ओरडलं नाही. निर्मनुष्य रस्त्यावरून तो परबांच्या खळ्यात वळताना दिसला. रहाटाचा आवाज माळापर्यंत आला. मग तो भरलेली कळशी खांद्यावर घेऊन परत आला आणि चटईपाशी ठेवून हात जोडून उभा राहिला.

"बाळा!" भाईंचा आवाज रागाने फाटला. "तू परत? तुका लाज नाय? महादू, बघतंस काय? इचार तेका!"

महादू पुढे आला. सबंध गावाला माहीत होतं की तो काय बोलेल. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते ऐकलं होतं. बाळाने मान खाली घातली.

"तेका मी धाडलंय, भाईनू," महादू म्हणाला.

"तू?"

"मी. माझी कळशी आसा ती. गुन्हो माझो. मान काढून घेवा, देवळासमोर काय करूचा ता माका सांगा. तेका कायएक बोलू नकात."

खोटं आहे हे भाईंना कळत होतं, माळावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. महादूने आयुष्यात देवाच्या बाबतीत बोललेलं ते पहिलं खोटं. बाळाने वर बघितलं आणि गालावरचं पाणी पुसलं.

सारिकाने कळशी कलती करून मथुराच्या पायांवर पाणी घातलं. एका कळशीत आंघोळ पुरी होणार नव्हती. महादूने हंडा उचलला आणि तोरणाखालून वाकून आपल्या विहिरीकडे गेला.